ओतोमाएचे घराणे

इ.स. १०२० च्या शरद ऋतूत सुगावारा नो ताकासुए हा अधिकारी पूर्वेकडच्या काझुसा प्रांतातली आपली मुदत संपवून सहकुटुंब क्योतोला परत निघाला. सोबत तेरा वर्षांची मुलगी होती. तिचे नाव कोठेही नोंदलेले नाही. जपानी साहित्यात ती 'ताकासुएची मुलगी' म्हणूनच ओळखली जाते. उतारवयात तिने आपल्या आयुष्याची हकिकत लिहिली, ती 'साराशिना निक्की' या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यात आशिगारा डोंगराच्या पायथ्याशी घालवलेल्या एका रात्रीचे वर्णन आहे. चंद्र नव्हता, अंधार दाट होता, आणि त्या अंधारातून तीन बाया मुक्कामाच्या जागी आल्या. एक पन्नाशीची, एक विशीची, एक चौदा-पंधरा वर्षांची. त्यांना मोठ्या छत्रीखाली बसवले, माणसांनी जाळ करून त्यांचे चेहरे पाहिले. त्यांच्यातली एक पूर्वीच्या काळी गाजलेल्या कोहाता नावाच्या गाणारणीची नात आहे, असे कोणीतरी सांगितले. मग त्या गायल्या. आवाज स्वच्छ, थेट आभाळाला भिडणारा. गाणे आटोपून त्या पुन्हा त्याच भीतिदायक डोंगराकडे निघून गेल्या, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

ही आठवण लिहिताना बाई पन्नाशीच्या आसपास होत्या. इतक्या वर्षांनंतर वयाचे आकडे तंतोतंत राहिले असतील असे धरून चालू नये. पण दोन गोष्टी मला भरवशाच्या वाटतात. एक म्हणजे गाणारणीची ओळख तिच्या आजीच्या नावाने करून दिली गेली. बापाचे नाव कोणी घेतले नाही. दुसरी म्हणजे पुढे मिनो प्रांतात नोगामी येथे मुक्काम पडला, तिथेही बाया येऊन रात्रभर गायल्या आणि मुलीला आशिगाराची आठवण झाली. या नोगामीच्या जवळच आओहाका आहे, आजच्या गिफू प्रांतातल्या ओगाकी शहराच्या हद्दीत. पुढची सगळी कथा या आओहाकाभोवती फिरते.

दुसरा कागद ओए नो मासाफुसा (१०४१–११११) या दरबारी विद्वानाचा. त्याने चिनी भाषेत दोन छोटी टिपणे लिहिली. एक योदो नदीच्या मुखाजवळच्या एगुची आणि कान्झाकी इथल्या असोबींवर; या बाया होड्यांतून प्रवासी जहाजांना गाठून गात आणि देहविक्रयही करत. दुसरे कुगुत्सु नावाच्या भटक्या जमातीवर. कुगुत्सु पुरुष शिकार करतात, बाहुल्या नाचवतात, हातचलाखीचे खेळ करतात. बाया नटूनथटून गातात. ते शेत कसत नाहीत, तुतीचे पान तोडत नाहीत, सरकारला सारा देत नाहीत आणि प्रांताधिकाऱ्याला भीत नाहीत. त्यांच्यात मिनो, मिकावा आणि तोतोमी या प्रांतांतल्या टोळ्या वरचढ, असे मासाफुसा स्पष्ट लिहितो. त्याला चिनी अलंकारांचा सोस भारी. कुगुत्सूंना तो उत्तरेकडच्या रानटी टोळ्यांच्या पंक्तीला बसवतो, ते तसेच्या तसे घेण्याचे कारण नाही. मात्र त्याच लेखात ते काय काय गात, याची यादी आहे. यादी बनवणारा माणूस सहसा अलंकार विसरतो. तीत 'इमायो' आहे, शेतावरची गाणी आहेत, वल्ह्यांची गाणी आहेत, देवाची गाणी आहेत, आणि 'आशिगारा' नावाचा एक प्रकारही आहे. म्हणजे त्या मुलीने डोंगराखाली ऐकलेल्या बायांच्या मुलखाचे नाव असलेली गाणी शंभर वर्षांच्या आत कुगुत्सूंच्या ठेव्यात जमा झालेली दिसतात.

इमायो म्हणजे त्या काळची 'नवी' गाणी: बहुधा चार ओळी, प्रत्येक ओळीत सात आणि पाच अक्षरांचे दोन तुकडे. दरबारी 'वाका' कवितेला जो मान होता तो यांना नव्हता. ती गाणाऱ्या बायांनी स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. आपल्याला जे कळते ते एका सम्राटामुळे.

गो-शिराकावा हा सम्राट तोबाचा चौथा मुलगा, जन्म ११२७ चा. तो गादीवर येईल असे कोणाच्या मनात नव्हते. जिएन या भिक्षूने १२२० च्या सुमारास लिहिलेल्या 'गुकान्शो' या इतिहासात म्हटले आहे की बापाला हा मुलगा खेळतमाशांत रमणारा, राज्याला नालायक वाटत होता. हे 'खेळतमाशे' म्हणजे काय, हे खुद्द गो-शिराकावाने लिहून ठेवले आहे. 'र्‍योजिन हिशो' या त्याच्या गीतसंग्रहाला जोडून त्याने 'कुदेन्शू' म्हणजे तोंडी परंपरेची नोंद लिहिली. तिचा दहावा खंड हे जवळजवळ आत्मचरित्रच आहे, आणि तो पूर्ण टिकला आहे.

त्यात तो सांगतो की दहाबारा वर्षांचा असल्यापासून इमायोचा नाद लागला. उन्हाळा-हिवाळा, दिवस-रात्र रियाज चाले. तीनदा गळा इतका बसला की आवाजच निघेना. घसा सुजून गरम पाणी गिळणेही जड झाले, तरी गाणे सोडले नाही. आई गेल्यावर थोरला भाऊ, निवृत्त सम्राट सुतोकू याने त्याला आपल्या वाड्यात ठेवून घेतले. इतक्या जवळ राहून रोज रात्री गायचा संकोच वाटे, पण आवड अशी की तरीही गातच राहिलो, असे तो लिहितो. कोणाकोणाबरोबर गायलो याचीही यादी आहे: दरबारी, शहरातले साधे स्त्री-पुरुष, वाड्यातल्या मोलकरणी, एगुची-कान्झाकीच्या असोबी, प्रांतोप्रांतीच्या कुगुत्सु बाया. त्या काळच्या दरबारात हे सांगणे सोपे नव्हते आणि तो ते न लाजता सांगतो.

११५५ मध्ये सम्राट कोनोए तरुण वयात वारला आणि गो-शिराकावा गादीवर आला. पुढच्याच वर्षी तोबा वारला, आणि भावाभावांत होगेनचे युद्ध झाले. सुतोकूचा पराभव होऊन त्याला सानुकीला हद्दपार केले गेले. ज्याच्या वाड्यात रात्री जागवल्या तोच हा भाऊ. जपानच्या राजकारणाला कलाटणी देणाऱ्या या घटनेला कुदेन्शूमध्ये जागा किती? तोबा वारले, धामधूम झाली, भलते प्रकार घडले, म्हणून इमायोचे काही जमले नाही. एवढ्यावर तो आटोपतो आणि लगेच ११५७ सालाकडे वळतो. ही बेपर्वाई असेल किंवा बोलता न येण्याजोगी जखम असेल. कागद दोन्ही बाजूंनी वाचता येतो. पण ११५७ मध्ये त्याला काय महत्त्वाचे वाटले, याबद्दल मात्र शंका राहत नाही.

ओतोमाए नावाच्या गाणारणीचे गाणे ऐकायची फार वर्षांची इच्छा आहे, असे बोलता बोलता त्याने म्हटले. शिन्झेई हा त्याचा सल्लागार जवळ होता. हा शिन्झेई म्हणजे होगेननंतर शेकडो वर्षे बंद असलेली देहांताची शिक्षा पुन्हा सुरू करवणारा करडा मुत्सद्दी. तो म्हणाला की शोध घेतो, तिचे मूल माझ्याच पदरी आहे. ओतोमाए तेव्हा सत्तरी ओलांडलेली, शहरात गोजो भागात राहणारी. तिने आधी नकार दिला: आता ते सगळे विसरले, शिवाय हे रूप घेऊन समोर कशी येऊ. वारंवार बोलावणे गेल्यावर पहिल्या महिन्याच्या दहा तारखेनंतर ती ताकामात्सु वाड्यात आली, पण सरकत्या दाराच्या आडच बसून राहिली. सम्राटाने इतरांना बाहेर जायला सांगितले. गाण्याविषयी बोलणे झाले. तो गायला, ती गायली, आणि असे करता करता पहाट झाली. त्याच रात्री गुरू-शिष्याचा करार झाला. तिला वाड्यात खोली दिली गेली. यानंतर त्याने जे केले ते मला साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते. इतरांकडून शिकलेली गाणीसुद्धा तिच्या गायकीप्रमाणे त्याने पहिल्यापासून पुन्हा बसवली. तिशीतला, गादीवर बसलेला सम्राट, वीस वर्षांची तयारी बाजूला ठेवून एका कुगुत्सु म्हातारीपुढे नव्याने शिकायला बसला.

ओतोमाए आओहाकाची. तिची गुरू मेई, मेईच्या आधी शिसान, अशी परंपरा. मिनामोतो नो कियोत्सुने हा अधिकारी ओवारीकडे जाताना मिनोत उतरला होता. मेईबरोबर आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या ओतोमाएचा गळा त्याने ऐकला, हा आवाज पुढे जाणार हे ओळखले आणि दोघींना राजधानीत आणले. (हा कियोत्सुने म्हणजे भिक्षू-कवी साइग्योचा आईकडचा आजोबा, असे वंशावळीवरून मानतात.) मेई आणि कियोत्सुने बरोबर राहू लागले. पुढे त्याचे मन तिच्यावरून उडाले. पाठ करून झोपला की तिच्या पापण्यांची उघडझाप पाठीला लागे आणि तीही त्याला भयंकर वाटे. तरी गाणे इतके अप्रतिम की तो तिला सोडू शकला नाही. ती आओहाकाला निघाली की पोचवायला जाई, परत आणायला जाई. ती म्हातारी झाल्यावर तिच्या अन्नाची सोय केली, ती भिक्षुणी होऊन मरेपर्यंत सांभाळली. पाठीला लागणाऱ्या पापण्यांचा हा तपशील कोणत्याही सरकारी दफ्तरात सापडला नसता. तो कियोत्सुनेने सांगितला असेल, मेईला उमगला असेल, ओतोमाएच्या स्मरणात राहिला असेल, आणि पन्नासेक वर्षांनी एका सम्राटाच्या लेखणीतून कागदावर उतरला. कुदेन्शूचा मोठा भाग असाच आहे: हात सम्राटाचा, जबानी ओतोमाएची.

म्हणूनच ती सावधपणे वाचावी लागते. गो-शिराकावाला आपले घराणे खरे ठरवायचे होते. आओहाकाकडच्या दुसऱ्या गाणारणीही हक्क सांगत होत्या. सावा नो आकोमारू नावाच्या बाईने ओतोमाएच्या गाण्याच्या खरेपणावर शंका घेतली होती. पुढे कोदाइशिन नावाची मिनोची गाणारण समोर बसून आशिगारा गायली. तिचे गाणे सम्राटाच्या गाण्याशी जुळले, म्हणजे ओतोमाएची शिकवण शुद्ध होती हे मैफलीत सिद्ध झाले. तेव्हा आकोमारूने कोदाइशिनच्या पाठीत जोराचा रट्टा दिला आणि टोमणा मारला. निकाल सम्राटाच्या बाजूचा, निकाल लिहिणाराही सम्राट. तेव्हा न्याय कितपत झाला हे विचारावेच लागते. पण त्या रट्ट्यावर माझा विश्वास बसतो. स्वतःची बाजू मांडताना कोणी असला तपशील रचून घालत नाही. आणि त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते की घराण्याच्या शुद्धतेचा आग्रह या बायांमध्ये सम्राटाच्या आधीपासून होता. सम्राट त्यांच्या भांडणात नंतर शिरला.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी वसंतात ओतोमाए आजारी पडली. सम्राटाने, आता निवृत्त सम्राटाने, तिला जवळच घर बांधून दिले होते. तो भेटायला गेला. मुलीने आधार देऊन तिला उठवून बसवले. पुण्य लाभावे म्हणून त्याने सद्धर्मपुंडरीक सूत्राचे एक प्रकरण वाचले. मग विचारले की गाणे ऐकतेस का. तिने आनंदाने पटकन मान हलवली. भैषज्यगुरू बुद्धाच्या प्रतिज्ञेवरचे एक इमायो तो दोन-तीनदा गायला. सूत्रापेक्षा तिला ते जास्त भावले, हात चोळत ती रडली, हे ऐकून जीव परत आला असे म्हणाली. दुसऱ्या महिन्याच्या एकोणीस तारखेला ती गेली. त्याने पन्नास दिवस सूत्रपाठ केला, आणि पहिल्या वर्षश्राद्धाला तिने शिकवलेली गाणी रात्रभर गायली. वाड्यातल्या, पण तेव्हा गावाकडे असलेल्या एका बाईला स्वप्न पडले: ओतोमाए पांढरी वस्त्रे नेसून दाराआड बसून ऐकत होती आणि आज गाणे फार चांगले झाले म्हणत होती. या बाईला त्या रात्रीच्या गाण्याची काहीच खबर नव्हती, हे सम्राट आवर्जून नोंदवतो.

कुदेन्शूचा मूळ भाग ११६९ मध्ये लिहून संपला. लिहिण्याचे कारण त्याने स्वतःच दिले आहे. कवितेला अक्षरे असतात, ती टिकते. गळ्याच्या कलेचे दुःख हे की माणूस गेला की मागे काही उरत नाही. म्हणून आपल्या पश्चात लोकांनी पाहावे यासाठी, आजवर कोणी केले नाही ते करून ठेवतो.

त्याने केलेला संग्रह एकूण वीस खंडांचा होता, असे जुन्या ग्रंथसूचीवरून दिसते. नाव 'र्‍योजिन हिशो', तुळईवरच्या धुळीचे गुह्य. गाणे असे की तुळईवरची धूळ उडाली आणि तीन दिवस खाली बसेना, या चिनी आख्यायिकेवरून हे नाव आले. मासाफुसानेही कुगुत्सु बायांच्या गाण्यासाठी हाच दृष्टान्त वापरला होता.

आज हातात आहे ते इतके: पहिल्या खंडाचा तुकडा, त्यात २१ गाणी, दुसरा खंड, त्यात ५४५, कुदेन्शूच्या पहिल्या खंडाचा तुकडा आणि दहावा खंड. पहिल्या खंडाच्या अनुक्रमणिकेत इमायो २६५ असल्याची नोंद आहे, प्रत्यक्ष उरली दहा. बाकीच्या आठ गीतखंडांचा पत्ता नाही.

उरलेली ५६६ मात्र विलक्षण आहेत. दुसऱ्या खंडात २२० धर्मगीते आहेत, त्यांतली शंभराहून अधिक सद्धर्मपुंडरीकाच्या प्रकरणांवर. राजगृहाजवळचा गृध्रकूट पर्वत मिनोच्या गाणारणींच्या तोंडी रुळलेला होता. त्यानंतर देवगीते म्हणून जो भाग येतो त्यात देवांच्या आडून अख्खा मुलूख दिसतो. एक आई आपल्या वीस वर्षांच्या मुलाविषयी गाते. तो जुगाऱ्यांच्या टोळीबरोबर गावोगाव हिंडतो आहे. ती त्याला सुधारायची मागणी करत नाही. सुमियोशी आणि निशिनोमियाच्या देवांना विनवते की त्याला हरू देऊ नका. दुसरी एक आई तिच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीविषयी बोलते. मुलगी देवाची जोगीण होऊन समुद्रकाठी फिरते आहे आणि कोळी तिच्याभोवती जमून तिचा सांगावा खरा की खोटा म्हणून तिला छळत असतील, ही चिंता. एक पाणकावळ्यांकडून मासे धरवणारा आहे, पक्ष्यांचे गळे बांधणारा आणि कासवे मारणारा. हा जन्म कसाही निभेल, पुढे काय, हा त्याचा प्रश्न. परत न आलेल्या पुरुषाला एका बाईने दिलेल्या शिव्याशापांत तर तीन शिंगे फुटण्यापासून गारठलेल्या पायांच्या पाणपक्ष्यापर्यंत सगळे आहे. नाचायला सांगितलेली गोगलगायही आहे. नाचली नाही तर घोड्याच्या शिंगराकडून तुडवून घेऊ, ही धमकी.

सर्वांत गाजलेले गाणे खेळणाऱ्या मुलांच्या आवाजाने अंग आपोआप डोलू लागते, या आशयाचे आहे. ते कोण म्हणते यावर अभ्यासकांचा वाद आहे. काहींना त्यात असोबीच्या आयुष्याचा पश्चात्ताप ऐकू येतो, काहींना निव्वळ आनंद. संग्रहात गाणाऱ्याचे नाव नाही आणि प्रसंगही नाही. पश्चात्ताप वाचायचा तर तो बाहेरून आणावा लागतो, म्हणून माझा कौल आनंदाच्या बाजूने आहे. या गाण्यांचे आकर्षण मला इथेच सापडते: ज्यांच्या आयुष्यावर दरबारी लोक कीव करत किंवा नाक मुरडत, ती माणसे इथे स्वतःच्या तोंडाने बोलतात आणि कोणाची कीव मागत नाहीत.

११७४ च्या नवव्या महिन्यात गो-शिराकावाने होजूजी वाड्यात पंधरा रात्री इमायोची चढाओढ भरवली. तीस उमराव, रोज दोघांची जोडी. इमायोचा तो परमोच्च काळ. त्याला मात्र वारसाची काळजी होती. इतकी वर्षे शिकवूनही कोणी पुरे तयार झाले नाही, असे तो लिहून बसला होता. नंतर जोडलेल्या मजकुरात मोरोनागा आणि सुकेतोकी अशी दोन नावे त्याने समाधानाने घातली. ११९२ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी मोरोनागाही गेला. १३३० च्या सुमारास योशिदा केन्कोने 'त्सुरेझुरेगुसा'त या संग्रहातल्या शब्दांच्या हृद्यतेचा उल्लेख केला. त्यानंतर संग्रह हळूहळू नजरेआड झाला. हानावा होकिइची (१७४६–१८२१) या अंध पंडिताने 'गुन्शो रुइजू' या प्रचंड ग्रंथमालेत कुदेन्शूचा दहावा खंड छापला, त्यामुळे सम्राटाची हकिकत वाचकांना मिळाली. ज्या गाण्यांची ती हकिकत, ती मात्र नव्हती. १९११ मध्ये वादा हिदेमात्सु या इतिहासकाराला दुसऱ्या खंडाची नक्कल सापडली. एदो काळाच्या अखेरची, चुकांनी भरलेली, पण पूर्ण. पुढच्या वर्षी सासाकी नोबुत्सुना याने ती छापली आणि साइतो मोकिची, किताहारा हाकुशू या पिढीच्या कवींनी ती झडप घालून वाचली.

या नक्कलेत बोल आहेत, चाली नाहीत. गागाकू या दरबारी संगीतातल्या 'एतेनराकू'च्या सुरावटीवर इमायो गायची एक रीत पुढे टिकली. क्यूशूमध्ये ती चिकुझेन इमायो म्हणून फुकुओकाच्या सामुराईंमध्ये रुजली, आणि तिच्यातूनच आज जपानभर माहीत असलेले 'कुरोदा-बुशी' हे लोकगीत आले. त्यात कुरोदा घराण्याचा सरदार मोरी ताहेई याने पेल्यामागून पेले रिचवून पैजेत भाला जिंकल्याची कथा आहे. तो भाला फुकुओकाच्या शहर संग्रहालयात पाहायला मिळतो. सात-पाचाचा साचा तोच, आणि म्हणून कुरोदा-बुशीत ओतोमाएचा सूर शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा. ती चाल आओहाकाची होती असे म्हणायला एकही कागद नाही. आणि कुदेन्शू नीट वाचली तर कळते की नुसती सुरावट हाती लागूनही फारसे साधले नसते: सम्राटाला बोल येत होते, चालीही येत होत्या, तरी सत्तरीच्या बाईपुढे बसून त्याला त्या सगळ्या पुन्हा शिकाव्या लागल्या.